थंडीचे तास मोजताना: कोलोरॅडोच्या डोंगरांतील ऑक्टोबरचा एक आठवडा

सोमवार, बोल्डर

कोलोरॅडोतील स्कीचा हंगाम हिवाळ्यातील मोठ्या हिमवर्षावांच्या कितीतरी आधी, ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होतो, आणि बहुतेक वर्षी त्याचा पाया आकाशातून पडलेल्या हिमाने घातलेला नसतो. लव्हलँड, अरापाहो बेसिन आणि कीस्टोन या तीन ठिकाणांमध्ये राज्यातली पहिली चेअरलिफ्ट कोण सुरू करतो याची जुनी चुरस आहे. दक्षिणेकडील सॅन वान पर्वतांतील वुल्फ क्रीक नैसर्गिक हिमाच्या भरवशावर एखाद्या वर्षी या तिघांना मागे टाकते. एरवी मात्र पहिला अरुंद पांढरा उतार यंत्रांनी बनवलेला असतो. ही यंत्रे केव्हा चालतील, किती तास चालतील आणि त्या तासांत किती पाणी हिमात बदलेल, हे आधी सांगणे हा हवामान अंदाजाचा एक वेगळाच आणि फारसा चर्चेत नसलेला प्रकार आहे. तो जवळून पाहण्यासाठी मी येथे आलो आहे. माझ्या परिचयाच्या एक हवामानतज्ज्ञ बाई अशा ठिकाणांसाठी खासगी अंदाज तयार करतात आणि हा आठवडाभर त्यांच्याबरोबर फिरण्याची परवानगी त्यांनी मला दिली आहे.

दुपारभर आम्ही पडद्यावरच्या नकाशांपुढे बसलो होतो. गुरुवारी पश्चिमेकडून कमी दाबाचे एक बंदिस्त क्षेत्र येणार, यावर संगणकावर चालणाऱ्या सर्व हवामान मॉडेलांचे एकमत होते. ते नेमके कोठून जाणार यावर मात्र नव्हते. मुख्य जेट प्रवाहापासून, म्हणजे उंचावरच्या वेगवान वाऱ्याच्या पट्ट्यापासून, तुटलेले असे क्षेत्र कोणत्याही मोठ्या प्रवाहाच्या ओढीत नसते, त्यामुळे त्याचा वेग आणि मार्ग यांचा अंदाज बांधणे अवघड असते. अमेरिकेचे जीएफएस मॉडेल त्याला उत्तरेकडून नेत होते, म्हणजे पाठोपाठ वायव्येचे थंड वारे जलविभाजक रांगेवर, म्हणजे नद्यांचे पाणी पूर्व आणि पश्चिम असे वाटणाऱ्या डोंगररांगेवर, आदळले असते. युरोपीय केंद्राचे मॉडेल त्याला न्यू मेक्सिकोच्या बाजूने हळूहळू सरकवत होते. तसे झाले तर पूर्वेकडून वर चढणारी दमट हवा डोंगरांच्या पूर्व उतारांवर हिम टाकते आणि रांगेच्या माथ्यावरच्या ठिकाणांना त्यातला काठावरचा वाटा मिळतो. समूह अंदाज म्हणजे तेच मॉडेल किंचित वेगळ्या सुरुवातींनी अनेकदा चालवणे. युरोपीय समूह अंदाजातील ५१ आणि अमेरिकी समूहातील ३१ शक्यता एकावर एक ठेवून पाहिल्या, तेव्हा त्यांचे दोन स्पष्ट गट पडले. अशा वेळी सरासरी काढून एकच आकडा देणे चुकीचे, असे बाईंचे ठाम मत आहे, कारण सरासरीत जो मार्ग दिसतो तो दोन्ही गटांपैकी कोणालाच मान्य नसतो.

दुसरी अडचण डोंगरांचीच आहे. जीएफएसच्या जाळीतील दोन बिंदूंमध्ये सुमारे १३ किलोमीटरचे अंतर असते आणि युरोपीय मॉडेलच्या जाळीत सुमारे ९ किलोमीटरचे. इतक्या मोठ्या घरांत अरुंद दरी आणि तिच्या शेजारचे शिखर एकाच सपाट उंचवट्यात मिसळून जातात. मॉडेलला दिसणारा डोंगर खऱ्या डोंगरापेक्षा शेकडो मीटर बुटका असतो आणि त्याची दरी तितकीच उथळ. बोल्डरमध्येच, नोआ या अमेरिकेच्या महासागर व वातावरणविषयक सरकारी संस्थेच्या प्रयोगशाळेत विकसित झालेले एचआरआरआर हे मॉडेल ३ किलोमीटरच्या जाळीवर दर तासाला नव्याने चालवले जाते आणि डोंगर बऱ्यापैकी ओळखते, पण त्याची नजर एक-दोन दिवसांपुढे जात नाही. त्यामुळे आज सोमवारी गुरुवार-शुक्रवारबद्दल जे काही बोलायचे, ते ढोबळ मॉडेलांवर आणि त्या त्या ठिकाणच्या जुन्या नोंदींवरच.

मंगळवार, लव्हलँड

सकाळी आंतरराज्य महामार्ग ७० ने पश्चिमेला निघालो. बोल्डरची उंची सुमारे १,६५५ मीटर आहे आणि लव्हलँडचा पायथा सुमारे ३,२९० मीटरवर. दीड तासाच्या आतच सोळाशे मीटरची चढण होते. कोरडी हवा वर चढताना किलोमीटरमागे जवळजवळ १० अंश सेल्सिअसने थंड होते, आणि आजची हवा अगदी कोरडी व चांगली घुसळलेली होती, त्यामुळे गाडीतल्या तापमापकाने जवळपास तोच हिशेब दाखवला. आयझेनहॉवर बोगद्याच्या तोंडाशी, जलविभाजक रांगेच्या पूर्वेला अगदी खेटून, हे स्कीचे ठिकाण आहे. त्याचा माथा ३,९६५ मीटरवर जातो. दोन भुयारांच्या या बोगद्याचे पहिले भुयार १९७३ मध्ये खुले झाले. त्याआधी सारी वाहतूक शेजारच्या लव्हलँड खिंडीतून होई.

उतार अजून तपकिरीच होते. त्यांच्या कडेने जमिनीतून वर आलेल्या पाण्याच्या तोट्या, त्यांना जोडलेले जाड होज आणि गवतात तोंड वर करून उभी असलेली यंत्रे दिसत होती. काही यंत्रे उंच दांड्यांवर बसवलेली, दाबाखालची हवा आणि पाणी एकत्र फवारणारी, तर काही मोठ्या पिंपासारखी, आतल्या पंख्याने तुषार दूर फेकणारी. हिमनिर्मितीच्या रात्रपाळीचा प्रमुख दुपारी चारलाच हजर होता. त्याने आमच्यासमोर हाताने फिरवण्याचा आर्द्रतामापक बाहेर काढला: एका चौकटीत शेजारी शेजारी बसवलेले दोन तापमापक, त्यांपैकी एकाच्या फुग्यावर सुती कापडाचे ओले मोजे. त्याने तो मिनिटभर गरगर फिरवला, पाहिला आणि पुन्हा फिरवायला लागला. कोरडा तापमापक ४ अंशांवर स्थिर झाला होता. ओला मात्र शून्यापर्यंत उतरून तेथे अडून राहिला होता.

‘‘कापडातलं पाणी गोठतंय, म्हणून तो थांबलाय. आत्ता वाचला तर फसाल,’’ तो म्हणाला. पाणी गोठताना उष्मा बाहेर टाकते आणि ते पूर्ण गोठेपर्यंत पारा पुढे सरकत नाही. आणखी काही वेळ फिरवल्यावर ओला तापमापक उणे २ वर आला. हवेचे तापमान शून्याच्या चार अंश वर, आणि तरीही ओल्या फुग्याचे, म्हणजे वेट बल्ब तापमान, शून्याखाली दोन अंश.

या एका आकड्यावर सारा व्यवहार चालतो. पाण्याचा थेंब हवेत फवारला की त्याचा थोडासा भाग वाफ होऊन उडून जातो आणि जाताना उरलेल्या थेंबातला उष्मा घेऊन जातो. एक ग्रॅम पाण्याच्या बाष्पीभवनाला सुमारे २,५०० जूल लागतात, तर एक ग्रॅम पाणी गोठताना सुमारे ३३४ जूलच बाहेर पडतात. म्हणजे एक ग्रॅम पाणी उडाले तर साधारण सात ग्रॅम पाणी गोठवण्याइतका उष्मा त्याच्याबरोबर जातो. हवा जितकी कोरडी, तितके बाष्पीभवन जोरात. शिवाय या उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने ओल्या आणि कोरड्या तापमापकातला फरक समुद्रसपाटीपेक्षा थोडा जास्तच पडतो. वेट बल्ब तापमान उणे २ च्या खाली गेले की यंत्रे सुरू करता येतात, पण त्या उंबरठ्यावर त्यांना अगदी कमी पाणी द्यावे लागते, नाहीतर थेंब जमिनीवर पोचेपर्यंत गोठत नाहीत आणि हिमाऐवजी चिखल होतो. उणे ७ किंवा त्याखाली तेच यंत्र कितीतरी पट पाणी पचवते. शुद्ध पाण्याचा बारीक थेंब शून्याच्या बऱ्याच खालीही द्रवच राहू शकतो, म्हणून गोठण्याला निमित्त द्यावे लागते. दाबाखालची हवा एकदम प्रसरण पावून थंड होते तेव्हा तयार होणारे सूक्ष्म हिमकण हे काम करतात. अनेक ठिकाणी पाण्यात स्यूडोमोनास सिरिंगे या जिवाणूपासून मिळवलेले प्रथिनही मिसळतात, कारण त्याच्या पृष्ठभागावर पाण्याचे रेणू बर्फाच्या रचनेत चटकन बसतात.

त्यामुळे येथे अंदाजात एका अंशाची चूकही फार मोठी असते. शहराच्या अंदाजात ४ ऐवजी ५ अंश झाले तर कोणाच्या लक्षातही येत नाही. येथे उणे २ चे उणे १ झाले तर सारी रात्रपाळी रिकाम्या हाताने बसून राहते. तापमानाबरोबर दवबिंदूही, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊ लागते तोही, अचूक सांगावा लागतो, आणि माझ्या मते हवामान मॉडेलांची सर्वांत दुबळी बाजू डोंगरातल्या कोरड्या हवेचा दवबिंदू हीच आहे.

बुधवार, लव्हलँड खिंड आणि अरापाहो बेसिन

महामार्ग ६ ने ३,६५५ मीटर उंचीची खिंड ओलांडून पलीकडे उतरलो. अरापाहो बेसिन १९४६ मध्ये सुरू झालेले ठिकाण; पायथा लव्हलँडइतकाच उंच, माथा त्याहून किंचित वर. वारा नैर्ऋत्येचा आणि इतका जोरदार होता की खिंडीत गाडीचे दार उघडताना दोन्ही हात लावावे लागले. वेट बल्बच्या पाठोपाठ वाऱ्याचा अंदाज महत्त्वाचा का, हे तेथे उभे राहिल्यावर आपोआप कळते: असा वारा यंत्रातून निघालेले तुषार उतारावर पडू न देता शेजारच्या झाडीत नेऊन टाकतो.

पाण्याचा प्रश्नही येथेच समोर आला. एक हेक्टर उतारावर ३० सेंटीमीटर जाडीचा थर घालायचा आणि कृत्रिम हिमाची घनता घनमीटरला ४५० किलो धरायची, तर १,३५० घनमीटर, म्हणजे साडेतेरा लाख लिटर पाणी लागते. ऑक्टोबरात वितळणारे हिम संपलेले असते आणि डोंगरी ओढे क्षीण झालेले असतात. उपसा किती करायचा याला मर्यादा असते, म्हणून काठावरच्या थंडीत पाणी उधळणे कोणालाही परवडत नाही. आता आलेली थोडी थंडी वापरायची की दोन दिवसांनी येणाऱ्या अधिक चांगल्या थंडीसाठी पाणी राखायचे, याचा निर्णय सर्वस्वी अंदाजावर अवलंबून असतो.

संध्याकाळपर्यंत दोन्ही समूह अंदाज जवळ आले होते. कमी दाबाचे क्षेत्र मधल्या वाटेने, पण उत्तरेच्या गटाला अधिक जवळून जाणार होते.

गुरुवार, पुन्हा लव्हलँड

पहाटेच राज्याच्या पश्चिम टोकाच्या ग्रँड जंक्शन येथे सोडलेल्या हवामान फुग्याच्या नोंदी आल्या. हे फुगे जागतिक प्रमाणवेळेच्या ० आणि १२ वाजताच्या निरीक्षणांसाठी सोडले जातात, आणि पश्चिमेकडून येणाऱ्या हवेबद्दल ग्रँड जंक्शनचा फुगा डोंगरांना काही तास आधी सांगून ठेवतो. खालपासून सहा-सात किलोमीटरपर्यंत हवा दमट झालेली होती. दुपारी एकच्या सुमारास हिम पडू लागले आणि तासाभरात समोरचा माथा दिसेनासा झाला.

वाहनतळावर स्कीप्रेमींची गर्दी जमली, लोक एकमेकांना हात उंचावून दाखवत होते. हिमनिर्मितीचे लोक मात्र यंत्रांना हातही लावत नव्हते. हवेचे तापमान उणे १, सापेक्ष आर्द्रता ९७ टक्के. ओला आणि कोरडा तापमापक जवळजवळ एकाच रेघेवर. संपृक्त हवेत बाष्पीभवनाला जागाच नसते, म्हणून परवाच्या ४ अंशांच्या कोरड्या दुपारपेक्षा आजची उणे १ ची हिमवृष्टी त्यांच्या कामाला अधिक वाईट. शिवाय ढगांचे आच्छादन जमिनीतून बाहेर पडणारी उष्णता परत खाली धाडते, त्यामुळे रात्रीही तापमान फारसे उतरत नाही. ज्या रात्री बातम्यांत डोंगरांवर हिमवादळ असते, ती रात्र अनेकदा हिमनिर्मितीच्या दृष्टीने वाया गेलेली असते. या साऱ्या प्रवासात मला समजून घ्यायचे होते ते हेच.

तरी आकाशातून पडलेल्या त्या हिमाला मी कमी लेखणार नाही. आम्ही पांढऱ्या रंगाची लाकडी फळी झाडांच्या आडोशाला ठेवली होती. अंधार पडल्यावर मोजले तेव्हा तिच्यावर १६ सेंटीमीटर हिम होते आणि नळीत घेऊन वितळवल्यावर त्याचे १४ मिलिमीटर पाणी भरले. म्हणजे अकरास एक असे प्रमाण. कोलोरॅडोच्या मानाने जड हिम. भर हिवाळ्यात ढगातले तापमान उणे १२ ते उणे १८ असते तेव्हा फांद्या फुटलेले मोठे षट्कोनी स्फटिक बनतात, ते एकमेकांत हवा अडकवून बसतात आणि प्रमाण पंधरास एक, कधी वीसास एकपर्यंत जाते. स्कीइंग करणाऱ्यांना तसले पिसासारखे हिम हवे असते. पण पहिल्या थरासाठी मला हे ओलसर, जड हिमच चांगले वाटते, कारण ते गवताला आणि दगडांच्या फटींना धरून बसते व वाऱ्याने उडत नाही.

शुक्रवार, लव्हलँड

सकाळी ढग फाटू लागले. बाईंनी आधीच्या दोन दिवसांपासून लावून धरलेला मुद्दा असा होता की खरी संधी वादळात नसून वादळ सरल्यानंतरच्या पहिल्या निरभ्र रात्री आहे, आणि ती रात्र आजची. त्यामागे तीन कारणे एकत्र येत होती. कमी दाबाचे क्षेत्र पूर्वेला सरकल्यावर त्याच्या मागून वायव्येची थंड व कोरडी हवा शिरत होती. आकाश मोकळे झाल्याने जमिनीची उष्णता थेट निसटून जाणार होती. आणि तिसरे कारण कालच्या सोळा सेंटीमीटर हिमाचे: ताजे हिम दिवसा बहुतेक ऊन परत पाठवते आणि रात्री जमिनीतली ऊब वर येऊ देत नाही, त्यामुळे त्याला लागून असलेली हवा उघड्या जमिनीवरच्या हवेपेक्षा झपाट्याने गार होते. कालचे हिम आज यंत्रांच्या उपयोगी पडत होते ते असे.

शंका एकाच गोष्टीची होती. वायव्येचे वारे ओलावा घेऊन आले तर रांगेच्या माथ्याला ढग चिकटून राहतात, वर आकाश निरभ्र असले तरी. आणि लव्हलँड नेमके माथ्याला लागूनच आहे. एचआरआरआरच्या दुपारच्या प्रत्येक फेरीत हे ढग विरण्याची वेळ पुढेमागे होत होती: आधी सहा, मग नऊ, मग पुन्हा सात. बाईंनी रात्रपाळीच्या प्रमुखाला लेखी अंदाज दिला त्यात ही अनिश्चितता तशीच्या तशी ठेवली. संध्याकाळी सहापासून काठावरची परिस्थिती, आठ ते दहाच्या दरम्यान ढग हटण्याची शक्यता, त्यानंतर सकाळी आठपर्यंत उत्तम. वर त्यांनी एक ओळ जोडली की नऊपर्यंत ढग हटले नाहीत तर उरलेल्या रात्रीचा आकडा दोन अंशांनी वर धरावा. मला हे फार आवडले. ज्याला झडपा उघडायच्या आहेत त्याला अंदाज कोठे फसू शकतो आणि ते त्याला कोणत्या वेळी कळेल, दोन्ही हातात मिळाले होते.

सहा वाजता हवा १ अंश, आर्द्रता ४५ टक्क्यांच्या आसपास, वेट बल्ब उणे ३. पायथ्याची काही यंत्रे कमी पाण्यावर सुरू झाली. पहिल्या यंत्राखाली प्रमुखाने आपली काळी बाही धरली, काही क्षणांनी ती विजेरीच्या उजेडात आणली आणि मला जवळ बोलावले. कापडावर पडलेले कण टपोरे, अर्धपारदर्शक होते आणि बाही झटकली तर काही घरंगळत पडत, काही चिकटून राहत. चिकटणाऱ्यांच्या आत अजून पाणी होते. त्याने तोटीची झडप किंचित आवळली आणि पुन्हा बाही धरली. या वेळी बहुतेक कण उडून गेले. यंत्रावर संगणकाचे नियंत्रण असूनही ही तपासणी तो प्रत्येक यंत्राजवळ जाऊन करतो. कृत्रिम कणाला फांद्या नसतात, तो गोळ्यासारखा बाहेरून आत गोठत जातो, म्हणून त्याचा थर दाट बसतो आणि ऊनवाऱ्यात टिकतो.

साडेआठच्या सुमारास माथ्यावरचे ढग सुटले आणि अंशामागून अंश उतरू लागला. मध्यरात्री हवा उणे ६, वेट बल्ब उणे ८. सारी यंत्रे भरपूर पाण्यावर, आणि त्यांच्या आवाजात शेजारच्या माणसाशी बोलायलाही ओरडावे लागत होते. उतरणीचा मंद वारा डोंगरावरून खाली वाहत होता. निरभ्र रात्री तो असा वाहणार हे ठाऊक असल्यामुळे यंत्रांची तोंडे दुपारीच त्या हिशेबाने वळवून ठेवली होती. पहाटे पाचला वेट बल्ब उणे १० च्या खाली गेले.

शनिवार, डिलन

झोपेसाठी खाली डिलनला आलो, सुमारे २,७८० मीटरवर. सूर्योदयाच्या वेळी बोगद्याच्या पलीकडून उतरताना गाडीचा तापमापक आधी चढला आणि दरीच्या तळाशी पुन्हा घसरला. तेथली हवा वरच्या उतारांपेक्षा थंड होती. तापमान विपरीततेचे हे रोजचे उदाहरण आहे: रात्री गार झालेली जड हवा उतारांवरून खाली ओघळून दरीत साचते. अशा रात्री खालच्या उंचीवरची यंत्रे वरच्यांपेक्षा जास्त काम करतात. ढोबळ मॉडेल ही साचलेली हवा पाहतच नाही, म्हणून अशा दऱ्यांचा अंदाज स्थानिक तापमापकांच्या जुन्या नोंदींवरून दुरुस्त करावा लागतो.

येथे एक वेगळी काळजी नोंदवावीशी वाटते. यंत्रे नसलेल्या, उत्तरेकडे तोंड असलेल्या उंच उतारांवर कालपरवाचे पातळ हिम तसेच राहील. वर थंड रात्री आणि खाली अजून उबदार असलेली जमीन यांच्यामध्ये त्या थरात तापमानाचा मोठा फरक पडतो, खालून वाफ वर सरकते आणि कण साखरेसारखे सुटे होत जातात. त्यावर पुढे जाड हिम बसले की हाच थर सरकतो. कोलोरॅडोत हिमस्खलनाचा धोका मोठा असण्याचे हे एक मुख्य कारण आहे आणि राज्याचे हिमस्खलन माहिती केंद्र म्हणूनच ऑक्टोबरपासून या थरांवर लक्ष ठेवते. हंगामाआधी वरच्या कपारींत स्की करायला जाणाऱ्यांनी या पातळ, निरुपद्रवी दिसणाऱ्या हिमाला गंभीरपणे घ्यावे.

रविवार, लव्हलँड

दोन रात्रींच्या कामानंतर उतारावर जागोजागी हिमाचे मोठे ढीग उभे होते. ते लगेच पसरत नाहीत. आतले उरलेले पाणी निथळायला वेळ देतात आणि मगच दाबयंत्राने थर घालतात. पुढच्या काही दिवसांसाठी चित्र उबदार होते: उच्च दाब, निरभ्र आकाश, दुपारी ७-८ अंश. हे हिम टिकेल का, असे मी विचारले. बाईंनी पुन्हा वेट बल्बकडेच बोट दाखवले. दवबिंदू उणे १२ च्या आसपास राहणार होता. इतक्या कोरड्या हवेत हिमाच्या पृष्ठभागावरून थोडे हिम थेट वाफ होऊन उडते आणि ते उडताना बराच उष्मा खर्च होतो, त्यामुळे वितळण्यासाठी फारसा उरत नाही. वेट बल्ब शून्याखाली किंवा शून्याच्या जवळ असेपर्यंत दाट ढिगांची झीज संथ असते. दमट, ढगाळ आणि ५ अंशांची रात्र यापेक्षा कितीतरी घातक ठरली असती.

पहिला उतार उघडण्याइतकी जाडी अजून सर्वत्र झालेली नव्हती. मधल्या वळणावर जमीन दिसत होती. पाणी मर्यादित होते. सोमवार आणि मंगळवारच्या पहाटे दोन-तीन तास यंत्रे काठावर चालवता आली असती, पण बुधवारी आणखी एक थंड झोत येण्याची शक्यता समूह अंदाजातल्या निम्म्याहून अधिक शक्यता दाखवत होत्या. मधल्या वळणापुरती चार यंत्रे सोडून बाकी सर्व बुधवारपर्यंत बंद ठेवायची, असे ठरले. प्रमुखाने वहीत लिहून घेण्यासाठी बुधवारच्या रात्रीचा आकडा मागितला, तेव्हा बाईंनी सांगितले, ‘‘रात्री दहा ते सकाळी आठ, वेट बल्ब उणे ४ ते उणे ६, वारा वायव्येचा, खात्री मध्यम. मंगळवारी सकाळी फुग्याची नोंद आली की पुन्हा बोलू, तोवर तळ्यातलं पाणी राखून ठेवा.’’